आखाजीची गाणी : रचणारी अनाम, गाणाऱ्या साऱ्या

वैशाख शुद्ध तृतीयेची आखाजी हा खान्देशात लेकीबाळींचा सण. जळगाव-धुळ्याच्या गावांत लिंबाच्या फांदीला झोका बांधला जातो आणि अहिराणी गाणी सुरू होतात. ती कोणी रचली, याची कुठे नोंद नाही. आई-आजीच्या तोंडून ती मुलींकडे आली आणि प्रत्येक पिढीने त्यांत आपल्या घरातली नावे घातली.

गाण्यांची नायिका गौराई, म्हणजे पार्वती. ती माहेरी येते, मग शंकर तिला न्यायला येतो. पण ही देवी फार माणसातली आहे. तिला सासरचा जाच आहे, भावाची वाट पाहणे आहे, परत जायची नाखुशी आहे. सुनेला एरवी जे बोलता येत नसे, ते झोक्यावर गौराईच्या नावाने मोकळेपणी गाता येई. या गाण्यांचे खरे मोल मला इथे वाटते. गौराईच्या विसर्जनाला तर नदीच्या दोन काठांवरच्या मुली एकमेकींना गाण्यांतून शिव्याही देत!

हा सण वैशाखातच का रंगतो? रब्बी घरात आलेली, खरिपाची पेरणी लांब. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, सालही आखाजीलाच संपते आणि नवे ठरते. शेतातल्या बायकांना निवांतपणा मिळे तो याच दिवसांत.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांनीही आखाजीवर कविता रचली. त्यांची बोली लेवा गणबोली; ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 साली पुस्तकरूपाने आली.