होळकरांचा क्रिकेट संघ

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात पाचशेहून अधिक संस्थाने होती. माळव्यातील इंदूर हे त्यांपैकी एक. मल्हारराव होळकरांनी उभारलेल्या या राज्यात अनेक मराठी घराणी स्थायिक झाली होती. या राज्याच्या नावाने एक क्रिकेट संघ खेळत असे. त्याचे आयुष्य अवघे 14 वर्षांचे. 1941 ते 1955 या काळात तो रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात 10 वेळा पोहोचला आणि 4 वेळा विजयी झाला.

संघाला आश्रय महाराज यशवंतराव होळकरांचा आणि चारही विजयांच्या वेळी नेतृत्व कर्नल सी. के. नायडूंचे. नायडू मूळचे नागपूरचे. पुढे ते होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले. 1932 साली भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हाचे कर्णधार हेच. त्यांची शिस्त कडक होती, पण स्वतःलाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. वयाच्या 56 व्या वर्षी मुंबईच्या फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून त्यांचे दात पडले, तरी त्यांनी मैदान सोडले नाही!

1946 साली म्हैसूरविरुद्ध या संघाने 8 बाद 912 धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह या सहाही जणांनी त्या एकाच डावात शतके झळकावली. यांतील भाऊसाहेब निंबाळकरांनीच 1948 साली पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना नाबाद 443 धावा काढल्या.

तथापि या संघाचे खरे तेज एका पराभवात दिसते. 1945 च्या अंतिम सामन्यात मुंबईने त्याच्यापुढे 867 धावांचे अशक्यप्राय लक्ष्य ठेवले. महायुद्धामुळे महू येथे सैनिक म्हणून आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. त्याने नाबाद 249 धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली आणि संघाने 492 धावांपर्यंत झुंज दिली.

1948 साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, तरी संघ आणखी काही वर्षे जुन्याच नावाने खेळत राहिला. 1955 साली तेही नाव मिटले आणि त्याच्या जागी मध्य भारताचा व पुढे मध्य प्रदेशाचा संघ आला.

राजकीय नकाशा बदलला की खेळातील संघही बदलतात. कॅरिबियन समुद्रातील नेदरलँड्स अँटिलिस हा प्रदेश 2010 साली विसर्जित झाला, तेव्हा त्याचा फुटबॉल संघही संपला. मात्र त्याचा पूर्वेतिहास कुरासाओ बेटाच्या संघाकडे वारशाने गेला. होळकर संघाच्या वाट्याला असा वारस आला नाही. 2022 साली मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा तो त्या राज्याचा पहिलाच विजय म्हणून नोंदला गेला. इंदूरच्या खेळाडूंनी मिळवलेले ते चार करंडक आजही होळकरांच्याच नावावर आहेत.