लिनक्समधील फाइलनिष्ठ अधिकार : स्वरूप व व्यवस्थापन

प्रस्तावना :
युनिक्स परंपरेतील संगणकप्रणालींमध्ये अधिकारांची मूळ रचना द्विस्तरीय आहे. एकीकडे सर्वाधिकारी ‘रूट’, तर दुसरीकडे मर्यादित अधिकारांचे सर्वसामान्य वापरकर्ते. डेनिस रिची यांच्या ‘सेटयूआयडी’ या सोयीमुळे प्रोग्रॅम फाइलमालकाच्या अधिकाराने चालू लागले. परंतु मालक रूट असल्यास, एखाद्याच विशेष कामासाठी प्रोग्रॅमला सर्वच अधिकार मिळतात आणि त्यातील एक दोषही संपूर्ण यंत्रणा आक्रमकाच्या हाती देऊ शकतो.

अधिकारांचे विभाजन :
लिनक्स २.२ (१९९९) पासून रूटचे अधिकार ‘केपेबिलिटी’ नावाच्या स्वतंत्र घटकांत विभागण्यात आले. ५.९ (२०२०) या आवृत्तीत त्यांची संख्या ४१ झाली. २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीपासून हे घटक थेट फाइलला जोडता येऊ लागले. त्यांची नोंद फाइलच्या विस्तारित गुणधर्मांत राहते.

आज्ञांद्वारे व्यवस्थापन :
१०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्यास सामान्यतः विशेषाधिकार लागतो. वेब सर्व्हरला तेवढाच अधिकार देण्यासाठी रूट वापरकर्त्याने ‘सेटकॅप कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस=ईपी’ ही आज्ञा द्यावी व पुढे फाइलचा मार्ग लिहावा. येथे ‘पी’ म्हणजे अनुज्ञात आणि ‘ई’ म्हणजे प्रत्यक्ष कार्यान्वित अधिकार होय. दिलेला अधिकार ‘गेटकॅप’ने तपासता येतो. ‘उणे आर’ हा पर्याय सेटकॅपमध्ये अधिकार काढून टाकतो, तर गेटकॅपमध्ये उपनिर्देशिकांसह शोध घेतो. हा भेद विद्यार्थ्यांच्या आवर्जून लक्षात आणून द्यावा.

मर्यादा :
फाइलमध्ये नव्याने लेखन होताच तिचे अधिकार नष्ट होतात. म्हणून प्रोग्रॅम अद्ययावत केल्यावर ते पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. स्क्रिप्टच्या फाइलला दिलेला अधिकार निष्फळ असतो. यावर उपाय म्हणून पायथॉनसारख्या इंटरप्रिटरलाच अधिकार दिल्यास त्याद्वारे चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला तो मिळतो. त्यातही ‘कॅप_सेटयूआयडी’ दिल्यास कोणताही वापरकर्ता रूट होऊ शकतो. ‘कॅप_सिस_अ‍ॅडमिन’ची व्याप्तीही जवळजवळ रूटइतकीच आहे.

समारोप :
सॉल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेले ‘किमान अधिकारा’चे तत्त्व येथे व्यवहारात उतरते. अनेक विद्यार्थी एकच सर्व्हर वापरत असतील, अशा प्रयोगशाळेत रूटचा पासवर्ड वाटण्यापेक्षा नेमका अधिकार नेमक्या फाइलला देणे आणि त्याची नियमित तपासणी करणे हेच अधिक श्रेयस्कर होय.