लायन गेटच्या आत एक, बाहेर एक

मुंबईच्या फोर्ट भागात, शहीद भगतसिंग मार्गावर, नौदल गोदीचे एक जुने प्रवेशद्वार आहे. त्यावर सिंह विराजमान आहेत, म्हणून सगळे त्याला लायन गेट म्हणतात. सर्वसामान्यांना आत प्रवेश नाही. तरीही जहाजांच्या इतिहासाची ओढ असलेल्या प्रत्येकाने इथे एकदा येऊन उभे राहावे. या भिंतीआडच्या गोदीत बांधलेली एक लाकडी युद्धनौका दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगते आहे. आणि गेटसमोरच्या चौकात भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेचे, ‘विक्रांत’चे, स्मारक आहे. ते तिच्याच पोलादातून घडवले आहे. एक नौका टिकून राहिली, दुसरीचे तुकडे झाले. जुने जहाज कशामुळे वाचते याचे उत्तर या दोघींच्या कथेत सापडते.

वाडियांची गोदी

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजे बांधायला. १७५० च्या सुमारास इथे सुकी गोदी उभी राहिली आणि पुढे वाडियांच्या अनेक पिढ्या याच आवारात राबल्या. नवे जहाज बांधायला घेताना त्याच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याची त्यांची प्रथा होती.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओकचे लाकूड कमी पडू लागले, तेव्हा ब्रिटिश नौदलाची नजर मलबारच्या सागावर गेली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातले तेल त्यांना सांभाळते. मुंबईत बांधलेली जहाजे दीर्घायुषी ठरली, त्यामागे कारागिरांच्या हाताइतकाच या लाकडाचाही वाटा आहे. १८४२ चा नानकिंगचा तह जिच्यावर झाला ती ‘कॉर्नवॉलिस’ आणि १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टन जिच्यावर होते ती ‘एशिया’, या दोन्ही नौका मुंबईच्याच.

इंग्लंडमध्ये आजही तरंगणारी ती नौका म्हणजे ‘त्रिंकोमाली’. ती जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली तयार झाली. तिचे आराखडे लंडनहून ‘जावा’ या नौकेवरून निघाले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ जिंकली आणि आराखडेही गेले. दुसरा संच मागवावा लागला. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी सुमारे दीडशे फूट लांबीची ही फ्रिगेट मुंबईच्या पाण्यात उतरली.

भंगारातून परत

तोवर नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते. ‘त्रिंकोमाली’ पोर्ट्समथला पोचली आणि पंचवीसेक वर्षे राखीव म्हणून पडून राहिली. १८४७ नंतर तिने आधी उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजकडे आणि मग पॅसिफिक महासागरात सेवा केली. पुढे ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली आणि १८९७ मध्ये भंगारात विकली गेली.

त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांची ‘फूद्रॉयां’ ही नौका वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली. नेल्सनचे निशाण कधीकाळी जिच्यावर फडकले होते, त्या या नौकेवर ते मुलांना दर्यावर्दी शिक्षण देत. तिच्या अवशेषांतल्या लाकडाच्या आणि तांब्याच्या वस्तू करून त्यांनी विकल्या. पदके, फर्निचर, आठवणीच्या चिजा. बदली नौका म्हणून त्यांनी भंगारवाल्याकडून ‘त्रिंकोमाली’ घेतली आणि या विक्रीचा पैसा तिच्या दुरुस्तीला लावला. नाव मात्र ‘फूद्रॉयां’च ठेवले. म्हणून मुंबईची ही नौका जवळजवळ नव्वद वर्षे परक्या नावाने वावरली.

१९८७ मध्ये तिला तराफ्यावर चढवून इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलला आणले गेले. १९९० ते २००१ एवढा काळ जीर्णोद्धार चालला. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले. आज तिच्या सांगाड्याचा निम्म्याहून मोठा भाग मूळचा आहे, म्हणजे मुंबईच्या कारागिरांनी तासलेला साग.

उरलेल्या भागाचे काय? १८४० च्या दशकात तिची पाठची बाजू बदलली होती, तोफा कमी केल्या होत्या, प्रशिक्षणासाठी आत फेरफार झाले होते. अशा वेळी जीर्णोद्धार करणारा माणूस तीन साक्षीदार शोधतो. पहिला साक्षीदार कागद: ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे आराखडे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जपलेले आहेत. दुसरा, त्याच आराखड्यावरची भावंडे: ‘त्रिंकोमाली’ची बहीण ‘युनिकॉर्न’ १८२४ पासून तरंगते आहे आणि आज स्कॉटलंडमधल्या डंडीला पाहता येते. तिसरा साक्षीदार लाकूडच. काढलेल्या खिळ्याचे भोक, बुजवलेली खाच, रंगाचे थर यांवरून हरवलेला भाग कुठे आणि केवढा होता ते उमगते. हे तिघेही हाती असतील तर नवा घातलेला भागही खरा ठरतो. नाहीतर ती केवळ सजावट होते.

गेटसमोरचे पोलाद

आता रस्ता ओलांडू. ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली तिच्या डेकवर जात. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने संग्रहालय बंद झाले. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. तिला वाचवण्याचे न्यायालयात प्रयत्न झाले, ते टिकले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. वाडियांच्या गोदीपासून दारूखाना फार लांब नाही. तोच मुंबईचा पूर्व किनारा.

२५ जानेवारी २०१६ रोजी लायन गेटसमोर शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडवलेले स्मारक उभे राहिले. पुण्याच्या बजाज ऑटोने ‘विक्रांत’चे काही पोलाद घेऊन ते व्ही १५ या मोटारसायकलच्या टाकीत वापरले. नारायणगाव-आळेफाटा रस्त्यावरून आपल्या शेजारून गेलेल्या एखाद्या गाडीतही त्या नौकेचा अंश असू शकतो. तिची १९६१ ची घंटा नौदलाने जपली होती. २०२३ मध्ये ती त्याच नावाच्या नव्या नौकेला देण्यात आली. या तिन्ही गोष्टींमागे प्रेम आहे, यात शंका नाही. पण वितळलेल्या पोलादातून नौका परत उभी राहत नाही. घंटेचे मोल वेगळे आहे, कारण ती घंटाच राहिली. ती कोणत्या नौकेची, कोणत्या वर्षाची, हे आजही सांगता येते.

‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेचीही तीच गत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्यास मान्यता दिली, ८५२ कोटींचा अंदाजही मांडला. ते झाले नाही. २०२० मध्ये ती गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीला गेली.

प्रवासी आगबोटींचा धडा

लायन गेटच्या उत्तरेला बॅलार्ड पिअर आहे. विलायतेच्या आगबोटी तिथे लागत. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गांधीजी ‘राजपुताना’ने गेले, १९१५ मध्ये ते ‘अरेबिया’ने मायदेशी परतले होते. दोन्ही बोटी दोन महायुद्धांत पाणतीरांनी बुडवल्या, पहिली १९४१ मध्ये, दुसरी १९१६ मध्ये.

ज्या बोटी बुडाल्या नाहीत त्यांचे भाग लिलावात पांगले. १९५२ मध्ये अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम करणाऱ्या ‘युनायटेड स्टेट्स’चे फर्निचर आणि अंतर्गत सामान १९८४ च्या लिलावात विकले गेले. नंतर तिला वाचवू पाहणाऱ्यांना विकल्या गेलेल्या वस्तू एकेक करून परत मिळवाव्या लागल्या. फ्रान्सचा अभिमान असलेली ‘फ्रान्स’, नंतरची ‘नॉर्वे’, २००६ मध्ये अलंगला आली आणि तिथेच तोडली गेली. तिच्या नाळेचे टोक मात्र कापून वेगळे ठेवले होते. २००९ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला आणि २०१८ मध्ये ते ल हाव्रला, तिच्या जुन्या बंदरात, परतले. ते टोक कुठून आले, कोणाचे, याची नोंद होती म्हणून हे घडले.

पाहायला जाताना

जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीहून निघालात तर आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाडमार्गे कल्याण आणि तिथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून फोर्टमधून चालत लायन गेट गाठता येते. जुन्नर-आंबेगावचे अनेक डबेवाले याच फोर्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या डबे पोचवत आले, त्यामुळे वाट विचारायला आपला माणूस भेटणे अवघड नाही. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही पाहावे. गोदीच्या फाटकाचे फोटो काढण्याआधी मात्र पहारेकऱ्यांना विचारावे.

मोठी नौका सांभाळणे खर्चाचे आहे, हे मान्य. प्रत्येक नौका वाचणार नाही. पण तोडणीआधी तिच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाची यादी करणे, आराखडे आणि छायाचित्रे एका ठिकाणी ठेवणे, सुकाणू, घंटा, नामफलक, नांगर असे भाग नोंदीसह संग्रहालयांना देणे, एवढे आपल्या राज्याला परवडण्यासारखे आहे. पुढची नौका निवृत्त होईल तेव्हा हे काम लिलावाच्या आधी व्हावे. हार्टलपूलच्या कारागिरांना मुंबईचा साग सापडला, कारण कोणीतरी तो जाळला नव्हता आणि कोणीतरी त्याचे आराखडे फेकले नव्हते. तेवढी जपणूक आपणही करू शकतो.