लघु हस्तकला संस्थांचे आर्थिक स्वास्थ्य : एक विवेचन

प्रस्तावना :
हस्तकलेच्या संवर्धनासाठी स्थापन झालेली ना-नफा संस्था एकाच वेळी सेवाभावी संस्थाही असते आणि विक्रेतीही. अहिल्याबाई होळकर यांची राजधानी असलेल्या महेश्वर येथे रिचर्ड व सॅली होळकर यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेली ‘रेहवा सोसायटी’ हे या प्रकाराचे परिचित उदाहरण होय. महेश्वरी वस्त्रांच्या विक्रीतून विणकरांना रोजगार व कल्याणकारी सुविधा पुरविण्याचा मार्ग तेथे अवलंबिला गेला. अशा मार्गाने जाणाऱ्या लघु संस्थांचे आर्थिक स्वास्थ्य कसे जोखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेळते भांडवल :
सूत व रेशीम आधी विकत घ्यावे लागते आणि वस्त्र मागावरून उतरताच मजुरी द्यावी लागते. विक्री मात्र सणासुदीत, लग्नसराईत व प्रदर्शनांतून होते. घाऊक खरेदीदारांकडील येणेही विलंबाने वसूल होते. दरम्यान पैसा मालसाठ्यात व उधारीत अडकतो. त्यामुळे मागणी वाढली असतानाही संस्था रोखीच्या टंचाईत सापडू शकते.

बंधित व मुक्त निधी :
उदाहरणादाखल, संस्थेच्या बँक खात्यात ९ लाख रुपये असून त्यांपैकी ७ लाख रुपये प्रशिक्षण प्रकल्पासाठी मिळालेले अनुदान आहे, असे गृहीत धरल्यास, दरमहा १ लाख रुपये खर्च भागविण्यासाठी ९ महिन्यांची तरतूद असल्याचे भासते. प्रत्यक्षात ती २ महिन्यांचीच असते. अनुदान मजुरीकडे वळविल्यास दात्याचा विश्वासभंग होतो. न वळविल्यास माग थांबतात.

कायदेशीर मर्यादा :
२०१५ मध्ये प्राप्तिकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट असलेल्या धर्मादाय संस्थांच्या व्यापारी स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आली. गरिबांना साहाय्य हे उद्दिष्ट असलेल्या संस्थांना ती लागू करण्यात आली नाही. म्हणून उद्दिष्टांची शब्दरचना हा आर्थिक नियोजनाचाही भाग ठरतो.

निष्कर्ष :
वर्षाखेरीचे आधिक्य हा स्वास्थ्याचा पुरेसा निकष नाही. मुक्त निधी किती महिने पुरेल, मालसाठा किती काळ पडून आहे आणि विक्रीकिमतीतून कार्यालयीन खर्चाचा किती भाग वसूल होतो, हे तीन प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. ना-नफा संस्थेने शिल्लक ठेवू नये, हा समज चुकीचा आहे. जिच्याकडे राखीव निधी नसतो, त्या संस्थेच्या तुटीचा पहिला भार कारागिराच्या थकलेल्या मजुरीवर पडतो.