उचल, ताळेबंद आणि फुटबॉल

2015 च्या सुरुवातीला पुणे हे भारतीय फुटबॉलमधले एक श्रीमंत शहर होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी हे दोन संघ, नव्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी आणि दुसऱ्या श्रेणीतून वर येऊ पाहणारा डीएसके शिवाजीयन्स. चारही संघांमागे मोठे उद्योगसमूह उभे होते. बालेवाडीचे क्रीडासंकुल होते, प्रशिक्षक होते, निवासी अकादमी होत्या. 2019 चा पावसाळा संपेपर्यंत या चारपैकी एकही क्लब उरला नव्हता.

फुटबॉलवर लिहिणारे लोक अशा घटनांना ‘दुर्दैव’ म्हणून मोकळे होतात. पण साडेचार वर्षांत एकाच शहरात चार वेळा तेच घडत असेल, तर त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. त्यामागे काही हिशेब असला पाहिजे. या लेखात तोच हिशेब मांडून पाहायचा आहे. वडवणीसारख्या तालुक्याच्या गावातून फुटबॉलच्या ताळेबंदावर लिहिणे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आलेला पैसा, न आलेला पैसा आणि न आलेल्या पैशावर केलेला खर्च हा विषय बीड जिल्ह्याला नवा नाही.

एकाच खिशाचा धोका

चारही क्लबांची अखेर वेगवेगळी झाली. पुणे एफसीची स्थापना 2007 ची, अशोक पिरामल समूहाची. 2009-10 मध्ये आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक, 2012-13 मध्ये उपविजेतेपद आणि युवा गटात राष्ट्रीय विजेतेपदे. मैदानावर हा क्लब अपयशी नव्हताच. तरी 2015 मध्ये वरिष्ठ संघ थांबवण्यात आला आणि पुढच्या वर्षी त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सने 2017 नंतर आय-लीग सोडली. त्याच वर्षी त्या समूहाच्या ठेवीदारांचे प्रश्न वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. एफसी पुणे सिटीने 2017-18 मध्ये प्रथमच उपान्त्य फेरी गाठली आणि 2019 मध्ये त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. क्लबच्या मालकीत असलेल्या वाधवान समूहाशी जोडलेल्या डीएचएफएलचे संचालक मंडळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बरखास्त केले.

कारणे निराळी असली तरी घडण एकच आहे. क्लबचे उत्पन्न म्हणजे मालकाच्या खिशातून दरवर्षी येणारी रक्कम. तिकिटे, जाहिराती, खेळाडूंची विक्री यांचा वाटा इतका लहान की मालकाने हात आखडता घेतला की दुसरा आधार नाही. अशा क्लबचा तोटा हा खरे म्हणजे तोटा नसतोच. ती मालकाची देणगी असते. आणि देणगी कधी थांबेल, हे देणाऱ्याच्या मनावर आणि त्याच्या धंद्यावर ठरते.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. 2010 मध्ये तो बंद झाला. गोव्याचा धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. नव्या आराखड्यात आय-लीग दुय्यम ठरणार, हे त्यांच्या माघारीचे कारण होते. म्हणजे खिसा भरलेला असूनही नियम बदलले की देणाऱ्याला देण्याचे कारण उरत नाही. धेंपोची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. त्यांनी गोव्यातले खेळणे आणि मुले घडवणे सोडले नाही, आणि 2024-25 मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतून वर चढून आय-लीगमध्ये परतले. मोठा संघ आवरता घेऊनही मुळे जिवंत ठेवता येतात, एवढे यावरून दिसते.

लीड्सची उचल

आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कोयती कारखान्यांकडे निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. अजून न तोडलेल्या उसाची मजुरी आधीच घेतलेली, आणि बहुधा आधीच खर्च झालेली. हंगाम चांगला गेला तर फिटते. पाऊस लांबला, माणूस आजारी पडला, कारखाना लवकर बंद झाला, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. ऊसतोड्याला ती घ्यावी लागते, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. फुटबॉल क्लब मात्र हौसेने उचल घेतात.

इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेडचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 2001 मध्ये हा संघ चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत पोहोचला. त्याच वर्षी क्लबने पुढील 25 वर्षांच्या तिकिटविक्रीच्या तारणावर 6 कोटी पौंडांचे कर्ज उभे केले. खेळाडूंचे पगार असे ठरले होते की संघ दरवर्षी चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला तरच गणित जुळावे. पुढच्याच हंगामात तो पात्र ठरला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एकेक चांगला खेळाडू विकावा लागला, 2004 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. वर यायला 2020 साल उजाडले.

इथे चूक कर्ज काढण्याची नव्हती. मैदान बांधायला कर्ज काढणे वेगळे; मैदान तीस वर्षे उत्पन्न देते. लीड्सची चूक अशी की अनिश्चित उत्पन्नावर निश्चित खर्च बांधला. जिंकल्यावर मिळणारा पैसा कदाचित येईल. खेळाडूचा पगार मात्र करारानुसार दर महिन्याला द्यावाच लागेल. क्लब चालवणाऱ्याने कागदावर दोनच रकाने आखावेत : एकीकडे संघ तळाला गेला तरी नक्की येणारा पैसा, दुसरीकडे काहीही झाले तरी नक्की जाणारा पैसा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर त्या क्लबने उचल घेतली आहे, मग बँकेत कर्ज दिसो वा न दिसो.

युरोपीय फुटबॉल महासंघाने 2022 मध्ये जो नियम केला, त्याचा गाभा हाच आहे. संघावरचा खर्च, म्हणजे पगार, खेळाडू खरेदी आणि मध्यस्थांची दलाली, हा उत्पन्नाच्या 70 टक्क्यांपलीकडे जाऊ नये. पहिल्या वर्षी 90, मग 80 आणि 2025-26 पासून 70, अशा पायऱ्यांनी तो लागू झाला.

खेळाडूची किंमत कुठे लिहितात?

फुटबॉलच्या हिशेबातली एक गोष्ट समजून घेतली की बातम्यांमधले बरेच गूढ उकलते. समजा, एका क्लबने एक खेळाडू 100 कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतला. ताळेबंदात हा खर्च एकदम पडत नाही. दरवर्षी 20 कोटी असा वाटला जातो. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत 60 कोटी उरते. तेव्हा तो 80 कोटींना विकला, तर वृत्तपत्र म्हणेल 20 कोटींचा तोटा. ताळेबंद म्हणेल 20 कोटींचा नफा. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

यातून मोहही जन्मतो. करार जितका लांब, तितका वार्षिक बोजा हलका दिसतो. लंडनच्या चेल्सीने सात-आठ वर्षांचे करार करायला सुरुवात केली, तेव्हा युरोपीय महासंघाने 2023 मध्ये हा खर्च पाचच वर्षांवर वाटता येईल, अशी मर्यादा घातली. बोजा नाहीसा होत नाही, पुढच्या कारभाऱ्याच्या डोक्यावर जातो, हे त्यांनी ओळखले.

आता याची दुसरी बाजू. जो मुलगा क्लबच्याच मैदानावर वाढला, त्याची पुस्तकी किंमत शून्य. तो विकला गेला तर आलेला सगळा पैसा नफा. शिवाय जागतिक महासंघाच्या नियमाप्रमाणे खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर हस्तांतराच्या रकमेतले 5 टक्के, त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. अट एकच : त्या काळातली नोंदणी कागदावर हवी. आपल्याकडची मंडळे खेळवतात मनापासून, पण नोंदी ठेवत नाहीत. कारभार शहाणपणाने करणे म्हणजे काय, याचे सर्वांत स्वस्त उदाहरण म्हणजे एक नीट ठेवलेले नोंदणीपुस्तक.

निर्णय आणि निकाल

फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात की नशिबाचा वाटा मोठा असतो. चांगला खेळलेला संघ हरतो, वाईट खेळलेला जिंकतो. अशा खेळात चार सामने हरले म्हणून प्रशिक्षक काढणे आणि दोन गोल केले म्हणून खेळाडूवर पैसा उधळणे, या दोन्हींत निकालाला निर्णय समजण्याची गफलत आहे.

लंडनमधल्या ब्रेंटफर्डने हे ओळखले. 2012 मध्ये क्लब घेणारे मॅथ्यू बेनहॅम हे सट्टेबाजीच्या धंद्यात संख्याशास्त्र वापरून पुढे आलेले. किती गोल झाले यापेक्षा किती आणि कशा जागेवरून संधी निर्माण झाल्या, हे मोजण्यावर त्यांचा भर. बाजाराने कमी लेखलेला खेळाडू घ्यायचा, घडवायचा, योग्य वेळी विकायचा. ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये खालच्या श्रेणीतल्या एक्सेटरकडून घेतला, सुमारे 18 लाख पौंडांना. 2020 मध्ये तो सुमारे 2.8 कोटी पौंडांना विकला गेला. 2016 मध्ये त्यांनी आपली अकादमीच बंद केली, कारण त्यांची मुले मोठे क्लब अल्प मोबदल्यात पळवत होते. टीका झाली, पण 2021 मध्ये, 1947 नंतर प्रथमच, ब्रेंटफर्ड सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. पुढे नियम आणि परिस्थिती पाहून 2022 मध्ये अकादमी पुन्हा सुरू केली. म्हणजे ‘अकादमी चांगली’ हेही सुभाषित म्हणून घ्यायचे नाही. आपल्या ठिकाणी, आपल्या हिशेबात ती बसते का, ते पाहायचे.

मालक कोण, हा अर्धाच प्रश्न

जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते असली पाहिजेत, असा नियम आहे. एकखांबी तंबूवर हा उपाय आहे आणि सहकारी कारखान्यांच्या महाराष्ट्राला तो लगेच पटतो. पण सभासदांचे आजारी पडलेले कारखानेही आपण पाहिले आहेत. बार्सिलोना हा सभासदांचाच क्लब. 2021 मध्ये त्याच्यावर एक अब्ज युरोंहून अधिक कर्ज असल्याचे जाहीर झाले, मेस्सीला सोडावे लागले आणि 2022 मध्ये दूरचित्रवाणी हक्कांतले 25 टक्के उत्पन्न 25 वर्षांसाठी विकावे लागले. ही पुन्हा उचलच. सभासदही जिंकण्याच्या आशेवर मत देतात. म्हणून मालकी कोणाचीही असो, रकान्यांचा नियम वेगळा लिहून ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण कोल्हापूर आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ; नावातच पेठ आणि तालीम. मूळ कुस्तीचे, मग फुटबॉलचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर तिकीट काढून येणारा प्रेक्षक, पेठेतली वर्गणी, स्थानिक व्यापाऱ्यांची बक्षिसे, असे अनेक लहान खिसे. बाहेरून खेळाडू आणण्याची ईर्षा तिथेही आहे आणि ती वाढली की हिशेब तिथेही बिघडतो. पण एक देणगीदार गेला म्हणून पाटाकडील तालीम बंद पडणार नाही. या शहराने अनिकेत जाधवसारखा 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला खेळाडू दिला. पुण्याचे चार क्लब गेले. कोल्हापूरच्या तालमी चालू आहेत.

लीगलाही हाच नियम लागू पडतो. 2010 मध्ये अखिल भारतीय महासंघाने आपले व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी एकाच भागीदाराला दिले, वर्षाला सुमारे 50 कोटींवर. डिसेंबर 2025 मध्ये करार संपला; नवा तयार नव्हता, आणि देशाची सर्वोच्च लीग वेळेवर सुरूच होऊ शकली नाही. त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुप, ज्याने 2019 मध्ये मुंबई सिटीची 65 टक्के मालकी घेतली होती, तोही बाहेर पडला. करार कधी संपणार, हे पंधरा वर्षे आधी ठाऊक होते.

या साऱ्याची किंमत शेवटी कोण मोजतो? मालक दुसरा धंदा पाहतो, प्रेक्षक दुसरा संघ. उरतो तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, दहावीनंतर घर सोडून निवासी अकादमीत गेलेला. क्लब बंद होतो तेव्हा त्याचे शिक्षण अर्धवट असते आणि पायांची चांगली वर्षे थोडी. आपल्या भागातून असा मुलगा उद्या निघेलच. त्याच्या आईवडिलांनी क्लबला अमुक ट्रॉफी कधी जिंकली, हे विचारू नये. एवढेच विचारावे : यंदा एकही सामना जिंकला नाही, तर पुढच्या जूनमध्ये याच्या जेवणाचे आणि शाळेच्या फीचे पैसे कुठून येणार आहेत? ज्या क्लबकडे याचे आकड्यांत उत्तर आहे, तिथे मुलगा पाठवावा.