तिसऱ्या घंटेआधीचे नाशिक

नाशिकच्या नाट्यगृहांची गोष्ट सांगू लागले की पहिले नाव विजयानंद थिएटरचे येते, आणि ते एका हत्येमुळे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तिथे ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बढतीवर बदली झाली होती, त्या निमित्ताने गावाने त्याला नाटकाला बोलावले होते. तो थिएटरात आला आणि अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ही घटना स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गेली, ते योग्यच. पण तिच्या कडेला एक साधी माहिती पडून आहे: बड्या अधिकाऱ्याला निरोप द्यायचा तर नाटक दाखवावे, असे तेव्हाच्या नाशिककरांना वाटत होते आणि त्यासाठी गावात थिएटर होते.

पुढे या गावाची ओळख लेखकांनी घडवली. वि. वा. शिरवाडकरांनी इथे १९५० मध्ये लोकहितवादी मंडळ उभे केले. त्यांचे ‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात मुंबईत रंगमंचावर आले. वसंत कानेटकर इथल्या महाविद्यालयात शिकवत आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘अश्रूंची झाली फुले’, ‘हिमालयाची सावली’ अशी नाटके लिहीत. या दोघांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने नाटक जिथे होते ती इमारत कोण चालवतो, तारखा कशा मिळतात, दिवा कोण लावतो, खुर्ची कोण दुरुस्त करतो, यावर फारसे लिहिले जात नाही. नाट्यगृहाचे भवितव्य मात्र याच कामांवर ठरते.

दोन घरे, दोन मालक

नाशिकच्या बोलण्यात दोन नावे कायम असतात: ‘कालिदास’ आणि ‘साईखेडकर’. दोन्हींत पायी जाण्याइतकेच अंतर आहे, पण कारभार वेगळा. महाकवी कालिदास कलामंदिर महापालिकेचे. परशुराम साईखेडकर नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे नाशिककरांच्या ‘सावाना’चे. १८४० मध्ये सुरू झालेले हे वाचनालय राज्यातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. ग्रंथालयाने नाट्यगृह चालवावे हे ऐकायला नवल वाटेल. पण वाचणारा आणि नाटक पाहणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, हे नाशिकने फार आधी ओळखले.

मालक वेगळा असला की दुखणीही वेगळी होतात. पालिकेच्या नाट्यगृहामागे तिजोरी असते. पण पडद्याची दोरी बदलायची तरी प्रस्ताव, अंदाजपत्रक, निविदा आणि ठेकेदार अशी वाट चालावी लागते. संस्थेच्या नाट्यगृहात कार्यकारी मंडळ एका बैठकीत निर्णय घेऊ शकते. तिथे प्रश्न पैशाचा. सभासदांची वर्गणी पुस्तकांसाठी असते, त्यामुळे नाट्यगृहाचा खर्च भाड्यातून निघावा अशी अपेक्षा राहते. भाडे वाढवले तर हौशी मंडळी बाहेर पडतात. न वाढवले तर छताची गळती तशीच राहते. भाभानगरातले दादासाहेब गायकवाड सभागृह, कुसुमाग्रज स्मारकातले विशाखा सभागृह यांचा आधार आहे. पण भाषणाला किंवा काव्यवाचनाला चालणारा मंच नाटकाला पुरतोच असे नाही. विंगेत जागा, वर दिव्यांचे बार आणि मागे रंगपट असेल, तरच नाटकवाल्यांचे भागते.

तारखेचे राजकारण

नाट्यगृहातली सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असे व्यवस्थापकाला विचारले तर तो तारखांच्या वहीकडे बोट दाखवेल. वर्षात शनिवार-रविवार मोजकेच. त्यावर मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांचा डोळा असतो, कारण नाशिकचा नोकरदार प्रेक्षक सुट्टीच्या दिवशीच येतो. त्याच तारखा नृत्यवर्गांना, संगीतसंस्थांना, सत्कार समित्यांना आणि राजकीय मेळाव्यांना हव्या असतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली की गर्दी आणखी वाढते. नाटकाचा हंगाम आणि स्नेहसंमेलनांचा हंगाम एकच, ही राज्यातल्या बहुतेक नाट्यगृहांची जुनी अडचण.

भाडे सत्रावर असते: सकाळ, दुपार, रात्र. कागदावर ही विभागणी नीट दिसते. प्रत्यक्षात सकाळच्या स्नेहसंमेलनाचे पालक अजून फोटो काढत असतात आणि मागच्या दाराशी रात्रीच्या नाटकाची बस येऊन उभी राहते. मधल्या दीड-दोन तासांत मंच झाडायचा, फुगे-चमकी गोळा करायची, स्वच्छतागृहे धुवायची आणि नाटकवाल्यांना जागा मोकळी करून द्यायची. हे ज्यांना जमते त्या सफाई कामगारांचे नाव जाहिरातीत नसते. प्रयोग वेळेवर सुरू झाला तर त्याचे अर्धे श्रेय त्यांचे.

बस आली, आता पुढे

मुंबईहून नाशिकला नाटकाची बस पूर्वी कसारा घाट चढूनच यायची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि दुसरी वाट मिळाली. नाशिकचे गणित असे, की सकाळी निघून रात्री प्रयोग करून त्याच रात्री परत फिरता येते. निर्मात्याचा मुक्कामाचा खर्च वाचतो, म्हणून नाशिकला प्रयोग जास्त लागतात. त्याची दुसरी बाजू बॅकस्टेजच्या माणसाला विचारावी. बसच्या पोटातून सेट उतरवायचा, लावायचा, प्रयोगभर विंगेत उभे राहायचे, संपल्यावर पुन्हा सोडवून बसमध्ये भरायचा आणि पहाटे घरी. त्याला पैसे ‘नाइट’वर मिळतात. प्रयोग रद्द झाला तर नाइटही गेली.

२०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा ही व्यवस्था किती तकलादू आहे ते उघड झाले. नटाला मालिका होती, कोणाला शिकवण्या होत्या. सेट लावणारा, कपडेपट सांभाळणारा, तिकीट खिडकीवर बसणारा यांना दुसरा मंच नव्हता. मधे काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर प्रयोगांना परवानगी मिळाली, पुन्हा टाळे लागले. अखेर २२ ऑक्टोबर २०२१ ला दारे पुन्हा उघडली तीही निम्म्या क्षमतेने. सेट, प्रवास, भाडे पूर्ण आणि प्रेक्षक निम्मे, हा हिशेब कोणत्याही निर्मात्याला परवडणारा नव्हता.

बाहेरगावचा प्रकाशयोजनाकार आला की आधी नाट्यगृहाच्या वायरमनला शोधतो. कोणत्या बारवर किती भार चालतो, कोणता प्लग सैल आहे, वातानुकूलन आणि दिवे एकदम लावले तर कुठला फ्यूज उडतो, हे ज्ञान कुठल्याही नकाशात नसते. जुने हजार वॅटचे दिवे जाऊन एलईडी आले. त्यांनी वीज वाचली, मंचावरची धगही कमी झाली. पण ते चालवायला संगणकी पॅनेल समजणारा माणूस हवा. यंत्र आणले आणि माणूस नेमला नाही, तर दिवे भाड्याने देणाऱ्याकडे जाणे आलेच.

स्पर्धेचे दिवस

नाशिकच्या नाट्यगृहाचा खरा कस राज्य नाट्य स्पर्धेत लागतो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेचे नाशिक हे जुने केंद्र, आणि साईखेडकर हे तिचे ठरलेले घर. रोज नवा संघ, नवे नेपथ्य. सकाळी मंच ताब्यात मिळतो. दुपारपर्यंत फ्लॅट उभे राहिले पाहिजेत, लेव्हल जुळल्या पाहिजेत. मग दिवे लावायचे, ध्वनीची चाचणी, जमली तर धावती तालीम. संध्याकाळी परीक्षक खुर्चीत बसतात. पडदा पडला की सगळे उचलायचे, कारण दुसऱ्या दिवशीचा टेम्पो दारात येणार असतो.

हे सारे करणारी मंडळी दिवसा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत असतात. तालमींना जागा शोधणे हाच त्यांचा वर्षभराचा उद्योग. शाळेचा हॉल परीक्षा आल्या की जातो, समाजमंदिर लग्नसराईत जाते, आणि कोणाच्या गच्चीवर तालीम ठेवली तर शेजारी तक्रार करतात. तरीही याच हौशी मातीतून दत्ता पाटील यांच्यासारखा लेखक आणि सचिन शिंदे यांच्यासारखा दिग्दर्शक पुढे आला. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाचे त्यांचे ‘हंडाभर चांदण्या’ नाशिकबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत गेले. नाशिकला तालमीची चार हक्काची ठिकाणे मिळाली, तर अशी नाटके योगायोगावर अवलंबून राहणार नाहीत.

खिडकी आणि कागद

प्रेक्षकाला तिकीट दिसते. त्यामागचा कागदांचा गठ्ठा दिसत नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. लेखकाची परवानगी आणि मानधन ठरवावे लागते. स्थानिक परवानग्या घ्याव्या लागतात. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत वस्तू व सेवा कर नाही. त्यामुळे पुढच्या रांगांचा दर ठरवताना हा आकडा निर्मात्याच्या मनात असतो.

पूर्वी वर्तमानपत्रात जाहिरात आली की प्लॅन उघडायचा आणि खिडकीपुढे रांग लागायची. आता निम्मे काम मोबाइलवर होते. तरी खिडकीवरचा माणूस गेलेला नाही. आजोबांना कडेची खुर्ची, गुडघे दुखणाऱ्या आजींना जिन्यापासून जवळची जागा, हे त्यालाच सांगता येते. गर्दी कोणत्या नाटकाला होणार याचा त्याचा अंदाजही क्वचितच चुकतो.

एकदाचे नूतनीकरण, रोजची निगा

कालिदासच्या दुरवस्थेबद्दल अभिनेते प्रशांत दामले यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली तेव्हा गावात खळबळ उडाली. नाशिकच्या रंगकर्मींना त्यात नवे काही नव्हते. ते वर्षानुवर्षे हेच सांगत होते. २०१७ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतून काम हाती घेतले गेले आणि २०१८ मध्ये कालिदास नव्या रूपात उघडले. लगेच भाडेवाढीचा वाद पेटला. दोन्ही बाजूंना मुद्दा होता. वातानुकूलन, नव्या खुर्च्या, नवी ध्वनियंत्रणा यांचा खर्च येतोच. पण पालिकेचे नाट्यगृह हे मंगल कार्यालय नव्हे. बाग किंवा वाचनालय यांच्याप्रमाणे तीही नागरी सोय आहे, आणि तिचा सगळा खर्च भाड्यातून काढू पाहिला तर आधी हौशी संघ आणि मग प्रायोगिक नाटक बाहेर फेकले जाते.

नाट्यगृह एका रात्रीत कसे जाऊ शकते, हे कोल्हापूरने पाहिले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले, पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वरात्र होती. नाट्यगृहात पडदे, लाकूड, रंग, विजेचा भार असे जळाऊ सारे एकाच छपराखाली असते. म्हणून राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत द्यावे लागणारे प्रमाणपत्र फाइलमध्ये लावून विसरण्यासाठी नसते. विंगेतला अग्निशामक कुठे आहे आणि तो चालतो का, हे दारावरच्या माणसालाही ठाऊक हवे.

नाशिकसाठी मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक नाट्यगृहाला बदलीवर न जाणारा एक तांत्रिक व्यवस्थापक. महिन्याच्या वेळापत्रकात देखभालीसाठी राखून ठेवलेले, कोणत्याही सत्काराला न मिळणारे दिवस. दिवे, दोऱ्या, खुर्च्या यांची रोजची नोंदवही. हौशी संघांसाठी वेगळा दर आणि तालमीची खोली. यातल्या एकाही गोष्टीचे फीत कापून उद्घाटन होत नाही, बहुधा म्हणूनच त्या मागे पडतात. नूतनीकरणाला मोठा निधी मिळतो, पाटी लागते, फोटो येतात. पण नाट्यगृह चांगले चालले आहे हे ओळखायचे तर पुढचे नूतनीकरण किती वर्षे लांबले, एवढे पाहावे.