बाटलीतलं बी आणि शंभरी ओलांडलेलं मासिक

एप्रिल २०२१. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं आवार. पहाटेच्या गडद अंधारात काही शास्त्रज्ञ डोक्याला हिरवे दिवे बांधून जमीन खणताहेत. हातात एक जुना नकाशा आहे. शोधायची आहे १४२ वर्षांपूर्वी पुरलेली एक काचेची बाटली. तिच्यात आहे ओलसर वाळू आणि तणाचं बी!

ही बाटली पुरली विल्यम जेम्स बील या प्राध्यापकाने, १८७९ साली. त्याला पडलेला प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे: दरवर्षी निंदणी करतो, तरी तण उगवतंच. मातीत पडलेलं हे बी जिवंत राहतं तरी किती वर्षं? उत्तरासाठी बीलने २० बाटल्या भरल्या. प्रत्येकीत २१ जातींच्या वनस्पतींचं प्रत्येकी ५० बी, म्हणजे एका बाटलीत १,०५० दाणे. बुचं लावली नाहीत. पाणी साचू नये म्हणून बाटल्या तोंड खाली करून पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची, असा बेत. पुढे प्रयोग सांभाळणाऱ्यांनी हिशेब केला आणि बाटल्या पुरवून वापरायचं ठरवलं. १९२० पासून दर दहा वर्षांनी एक, १९८० पासून दर वीस वर्षांनी एक. २०२०ची बाटली कोविडमुळे वर्षभर लांबली, म्हणून २०२१.

अंधार कशाला, तर उजेड लागला की काही बियांना रुजायचा इशारा मिळतो. प्रयोगशाळेत नेण्याआधीच तो मिळाला तर सगळा हिशेब चुकायचा.

आणि रुजलं का? हो, रुजलं! व्हर्बॅस्कम नावाच्या तणाची रोपं वाळूतून वर आली. त्यांतलं एक तर संकरित निघालं, आणि हे कळलं डीएनए तपासून. डीएनए तपासून रोपाचं कूळ ओळखता येईल, हे बीलच्या काळी कुणाला ठाऊक होतं?

पाच पिढ्यांची एकच वही

या प्रयोगाची नोंद कुठे राहिली, ही मला बाटलीइतकीच मोलाची गोष्ट वाटते. 'अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी' हे बोटॅनिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेचं मासिक, जानेवारी १९१४ पासून निघतं. चाळीस वर्षांच्या बाटलीचा अहवाल त्यात आला १९२२ साली. मग पन्नाशीचा, साठीचा, ऐंशीचा, शंभरीचा, एकशे विसाव्याचा. २०२१च्या बाटलीचा आला २०२३ साली. लिहिणारे बदलले, मासिक तेच. शंभर वर्षं एकच प्रयोग एकाच नियतकालिकात वाचता येतो, असं भाग्य फार थोड्या विषयांच्या वाट्याला आलं असेल.

संस्था मासिकाहून वीसेक वर्षांनी थोरली, स्थापना १८९३. मूळ सभासद २५, आणि त्यांत बाई एकच: एलिझाबेथ ब्रिटन. शेवाळांसारख्या मॉस वनस्पतींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. न्यूयॉर्कचं प्रसिद्ध वनस्पती उद्यान उभं राहण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

कैलास लेण्याहून जुनं कमळ

याच मासिकात १९९५ साली जेन शेन-मिलर आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. ईशान्य चीनमध्ये पुलानतियनजवळ एका आटलेल्या तळ्याच्या मातीत कमळाच्या बिया सापडल्या होत्या. आपल्याकडे पूजेच्या दुकानात कमळगट्टा मिळतो ना, तेच बी. त्यातल्या एकाचं वय कार्बन-पद्धतीने निघालं सुमारे १,३०० वर्षं. ते तयार झालं तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला बहुधा सुरुवातही झाली नव्हती! आणि हे बी रुजलं, त्याला पानं फुटली.

गुपित दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे दगडासारखं कठीण कवच, जे हवा-पाणी आत शिरू देत नाही. कमळगट्टा पाण्यात नुसता टाकून बसलात तर महिनोन्‌महिने काही होणार नाही. कवच जरा घासा, मग बघा. दुसरं गुपित आतलं. वयानुसार बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करणारं एक विकर त्या म्हाताऱ्या बियांतही शाबूत होतं. बी नुसतं झोपलेलं नसतं, डागडुजीची हत्यारं उशाशी घेऊन झोपलेलं असतं.

डार्विनला सतावणारी फुलं

बीलने बाटल्या पुरल्या त्याच वर्षी, २२ जुलैला, चार्ल्स डार्विनने मित्र हूकरला एक पत्र लिहिलं. सपुष्प वनस्पतींचा झपाट्याने झालेला विस्तार हे आपल्याला छळणारं गूढ आहे, असं त्यात होतं. निसर्ग उड्या मारत नाही, हळूहळू बदलतो, हा त्याचा ठाम सिद्धान्त. जीवाश्मांत मात्र फुलझाडं एकदम झुंडीने उगवल्यासारखी दिसत. दक्षिण गोलार्धात एखादा हरवलेला भूखंड असेल आणि फुलं तिथे सावकाश घडली असतील, असाही तर्क त्याने करून पाहिला. २००९ साली, डार्विनच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, मासिकाने या गूढावर अख्खा विशेषांक काढला.

चित्रात काय दिसतं?

एखाद्या मुलाला जंगलातल्या वाघाचा फोटो दाखवा आणि विचारा, काय दिसतं? 'वाघ.' अजून काय? 'वाघच.' फोटोचा बहुतेक भाग झाडा-गवताने व्यापलेला असतो, पण ते दिसतच नाही. जेम्स वांडर्सी आणि एलिझाबेथ शुस्लर या दोन शिक्षक-अभ्यासकांनी या प्रकाराला 'वनस्पती-अंधत्व' असं नाव दिलं. त्यांचा गाजलेला सविस्तर लेख २००१ साली छापून आला तो याच संस्थेच्या 'प्लांट सायन्स बुलेटिन'मध्ये. हे बुलेटिन १९५५ पासून निघतं. झाडं हलत नाहीत, त्यांना चेहरा नसतो, सगळी हिरवी एकमेकांत मिसळतात, म्हणून मेंदू त्यांना पडद्यासारखं मागे ढकलतो. 'अंधत्व' हा शब्द अंध व्यक्तींवर अन्याय करतो म्हणून अलीकडे दुसरी नावं सुचवली गेली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण दुखणं खरं आहे.

त्यावर संस्थेने उपायही शोधला. २००५ पासून 'प्लांटिंग सायन्स' हा उपक्रम सुरू आहे. शाळेतली मुलं वर्गात झाडांवर स्वतः प्रयोग करतात आणि खरेखुरे वनस्पतिशास्त्रज्ञ इंटरनेटवरून त्यांच्याशी बोलतात. उत्तर सांगत नाहीत, पुढचा प्रश्न विचारतात. एका प्रयोगात सेलरीचे दांडे वेगवेगळ्या पाण्यात ठेवून पाणी पेशींत कसं आत-बाहेर करतं ते पाहायचं असतं. सेलरी नसेल तर कोथिंबीर घ्या! कोमेजलेली जुडी एका पेल्यात साध्या पाण्यात उभी करा, दुसरी मिठाच्या पाण्यात. तासाभराने मुलांना बघू द्या आणि कारण त्यांनाच शोधू द्या.

आणि बीलचा प्रयोग? तो तर आपल्याकडे दर खरिपाआधी होतो, फक्त नाव वेगळं. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं चांगलं. बीलला तणाची उगवणशक्ती मोजायची होती, आपण पिकाची मोजतो, एवढाच फरक.

बीलच्या चार बाटल्या अजून जमिनीत आहेत. त्या निघतील २०४०, २०६०, २०८० आणि २१०० साली. तोवर एक काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. घरात आजीने जपलेलं वालाचं, भोपळ्याचं, गावठी मिरचीचं बी असेल, तर आज ती पुडी काढा आणि तिच्यावर वाणाचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.